मेकॅनिकचं शिक्षण: पैसे घालावेत की थेट गॅरेजात शिरावं?

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात आमच्या गॅरेजसमोर एखादी स्कूटर येऊन थांबते. पुढे बाप, मागे पोरगा. बाप हेल्मेटसुद्धा न काढता विचारतो, "ह्येका खंय घालूया? तुझ्याकडे ठेवू काय आयटीआयक पाठवू?" पोरगा तोवर एकतर लिफ्टवर चढवलेल्या गाडीच्या पोटाकडे बघत असतो, नाहीतर मोबाइलमध्ये. तो कुठे बघतोय, त्यावरच माझं अर्धं उत्तर ठरतं.

उरलेलं अर्धं उत्तर द्यायला तासभर लागतो, आणि गिऱ्हाईक उभं असताना तो मिळत नाही. म्हणून हे लिहून काढतोय.

कणकवलीजवळ महामार्गालगत माझं गॅरेज आहे. मी दोन्ही वाटांनी आलो, पण उलट्या क्रमाने. आधी तीन वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली, मग आयटीआयला डिझेल मेकॅनिक, मग एसटीच्या कार्यशाळेत ॲप्रेंटिस. त्यामुळे "शाळेत काय डोंबल शिकवतात" म्हणणाऱ्याचंही मला पटत नाही आणि "गॅरेजात पोरं वाया जातात" म्हणणाऱ्याचंही. खालच्या पायऱ्या मात्र क्रमानेच घ्या. फीचा आकडा आधी विचारला की सगळा हिशेब उलटा पडतो.

पहिली पायरी: फॉर्मच्या आधी पंधरा दिवस गॅरेज

ओळखीच्या गॅरेजवाल्याला सांगून पोराला पंधरा दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उभं करा. पैसे मागू नका, कामाचा आग्रह धरू नका. अठरा पूर्ण नसतील तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्याला जाऊ देऊ नका, हे गॅरेजवाल्याला बजावून सांगा. बघणं, पुसणं, पाने आणून देणं, एवढंच.

पहिले दोन दिवस सगळ्यांनाच मजा वाटते. तिसऱ्या दिवशी डिझेलमध्ये पार्ट धुवायला लागतात, नखांत काळं बसतं ते जेवतानाही जात नाही, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडखाली घामाने शर्ट पाठीला चिकटतो. तिथून पुढे बघा. तेरा नंबरचा पाना मागितला की बरोबर येतो का? काम झाल्यावर पाना जागेवर जातो का? खोललेले बोल्ट कुठल्या डब्यात कुठले, हे न सांगता लक्षात राहतं का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो "हे असं का?" विचारतो का? वेगाचं वेड असलेला पोरगा आणि यंत्राचं वेड असलेला पोरगा हे दोन वेगळे. पहिल्याला बाइक चालवायची असते, उघडायची नसते.

मुलगी असेल तरी परीक्षा हीच. आयटीआयत मुलींसाठी राखीव जागा असतात, आणि वायरिंग-सेन्सरच्या कामात मनगटाच्या ताकदीपेक्षा डोकं आणि चिकाटी लागते.

पंधरा दिवसांनी त्याने स्वतःहून "अजून थोडे दिवस जाऊ?" विचारलं तर पुढे वाचा. नाही विचारलं तर तुमचे दोन वर्षांचे पैसे वाचले.

दुसरी पायरी: आपल्या भागात नक्की काय बिघडतं?

ही पायरी सगळे गाळतात. "ऑटोमोबाइल" असं एकच काम नसतं. कोर्स निवडण्याआधी आपल्या पंचक्रोशीत कुठली यंत्रं फिरतात आणि ती कशाने मरतात, ते बघा. तालुक्याच्या नाक्यावर वहीपेन घेऊन तासभर बसा आणि मोजा: दुचाकी किती, रिक्षा किती, टेम्पो-पिकअप किती, चिऱ्याचे डंपर किती, पर्यटकांच्या गाड्या किती. मग दोन गॅरेजांत जाऊन विचारा, "कुठलं काम तुम्ही परत पाठवता?" जे काम परत जातं, तिथे जागा रिकामी आहे.

आमच्या पट्ट्याचं मी सांगतो. समुद्राकडची गाडी आतून सडते. ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, बॅटरीचे टर्मिनल, वायरिंगचे सॉकेट यांना खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून खातात. मालवण-देवगडकडून येणाऱ्या गाड्यांत "गाडी मधेच बंद पडते" या तक्रारीचं मूळ कितीतरी वेळा एखाद्या सॉकेटात साचलेल्या हिरव्या गंजात सापडतं. ते शोधायला मल्टिमीटर लावता यायला हवा, आणि मीटरवरच्या आकड्याचा अर्थ कळायला हवा. निम्मी गॅरेजं इथेच हात टेकतात आणि अंदाजाने पार्ट बदलत सुटतात.

दुसरं, घाट. काशेडी, भोस्ते, परशुराम महामार्गावर. वर चढायला कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गाड्या भरभरून येतात. उतारावर गिअरवर गाडी धरायची सोडून ब्रेक दाबून बसलेले, चढावर क्लचवर पाय ठेवून आलेले. त्या दिवसांत क्लचप्लेट आणि ब्रेकपॅड संपतात आणि झोपही संपते. हे हंगामी काम आहे. शेतीसारखंच, आठ महिने पुरवून खायचं.

तिसरं, बंदर. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे ट्रॉलरवर बसलेली इंजिनं बरीचशी ट्रकच्याच घराण्यातली, सहा सिलिंडरची डिझेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ती खोलतात. ज्याला नोझल, पंप, हेड, लायनर येतं त्याला रस्त्यावरच्या गाड्या पावसाने कमी झाल्या तरी काम असतं. डिझेल मेकॅनिक या ट्रेडला, म्हणजे आयटीआयतल्या त्या कोर्सला, शहरातली पोरं नाक मुरडतात, पण किनाऱ्यावर मी तो आजही पहिल्या दोनांत धरतो.

आणि चौथं, जे सगळ्यांच्या अंगावर एकदम आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरावरचा कडक नियम, लागू झाला. बहुतेक साध्या बाइकांचासुद्धा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून मिस्त्री ट्यूनिंग करायचे. आता गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावावा लागतो. आणि स्कॅनर म्हणजे काही देव बोलत नाही. तो एक कोड देतो. तो कोड सेन्सर मेल्यामुळे आला, वायर तुटल्यामुळे आला की तिसऱ्याच बिघाडामुळे सेन्सर खरं तेच सांगतोय, हे माणसालाच ठरवावं लागतं.

एक उदाहरण देतो. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग तापून चालावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीचा तो फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. ज्याला कारण माहीत आहे तो दिवा नुकताच लागलेल्या गिऱ्हाइकाला गाडी महामार्गावर लांबवर नीट पळवून आणायला सांगतो. ज्याला माहीत नाही तो काहीतरी महाग बदलतो, नाहीतर फिल्टरच काढून टाकतो आणि मालकाला पीयूसीच्या दारात नेऊन उभं करतो.

दुसरं उदाहरण चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे गाड्या अख्ख्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर मालकांनी घाईघाईने चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर हवा दाबली जाते तसं ते दाबलं जात नाही. पिस्टन वर जाऊन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी ऑइल बदलून, प्लग-नोझल काढून पाणी बाहेर फेकून कदाचित वाचली असती, ती एका सेल्फमध्ये अर्ध्या इंजिनाच्या कामाला लागते. हे "का" मला मिस्त्रींनी शिकवलं नव्हतं. ते म्हणायचे, "भिजलेली गाडी चालू करायची नाही," बस. कारण मला आयटीआयच्या फळ्यावर कळलं, आणि कारण कळलेला माणूस गिऱ्हाइकाला फोनवरही थांबवू शकतो.

शाळेच्या पैशात विकत काय मिळतं, त्याचं माझं उत्तर इथे आहे. हात गॅरेज देतं, "का" शाळा देते. पूर्वी नुसत्या हातावर आयुष्य निघायचं.

तिसरी पायरी: वाटा ओळखा

शासकीय आयटीआय आता कोकणात जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नाही. दहावीनंतरचे आपल्या कामाचे ट्रेड असे: मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षं, मेकॅनिक डिझेल एक वर्ष, ऑटो इलेक्ट्रिकल ॲन्ड इलेक्ट्रॉनिक्स एक वर्ष, ट्रॅक्टर एक वर्ष, बॉडी रिपेअर आणि पेंटिंग प्रत्येकी एक वर्ष, आणि नवा आलेला मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल दोन वर्षं.

माझं मत विचाराल तर चारचाकीची आवड असेल आणि दोन वर्षं परवडत असतील तर मोटर व्हेइकल. बंदराजवळ घर असेल किंवा घरात कमावणारा लवकर हवा असेल तर डिझेल. ऑटो इलेक्ट्रिकल जवळ कुठे मिळत असेल तर किनाऱ्यावरच्या पोराने ते डोळे झाकून घ्यावं. नुसत्या इलेक्ट्रिक गाडीचा ट्रेड छोट्या तालुक्यात राहून धंदा करणाऱ्याने आज एवढ्यात घेऊ नये. त्या गाड्या अजून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जातात. पुण्या-मुंबईकडे जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

खासगी आयटीआय ही दुसरी वाट. प्रमाणपत्र तेच, फी जास्त. तिसरी तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका. ती मेकॅनिकपेक्षा सुपरवायझर, सर्व्हिस ॲडव्हायझर, विमा सर्व्हेअर या दिशेने नेते. गणित बरं असेल तरच. आणि घाई नाही: दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

चौथी वाट जाहिरातीतली: "सहा महिन्यांत ऑटोमोबाइल एक्स्पर्ट, शंभर टक्के नोकरी". तिच्याबद्दल पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: संस्था डोळ्यांनी बघून या

आमच्या नात्यातल्या एका पोराला त्याच्या वडिलांनी मोठ्या शहरातल्या एका खासगी संस्थेत घातलं. काचेची इमारत, वातानुकूलित वर्ग, दारात कापून रंगवलेलं इंजिन. वर्षभराने पोरगा गणपतीला आला तेव्हा मी त्याला एका गाडीचा पुढचा ब्रेकपॅड बदलायला सांगितला. त्याने कॅलिपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्षभरात चालू गाडीवर त्याने पाना लावलाच नव्हता. साठ पोरांत एक गाडी, आणि ती सर उघडायचे. प्रमाणपत्र संस्थेचं स्वतःचं होतं. एसटीच्या भरतीच्या अर्जात त्याला रकानाच नव्हता.

म्हणून जाऊन बघा. कामाच्या दिवशी, अकराच्या सुमारास, न सांगता. ऑफिसात बसू नका, कार्यशाळेत चला म्हणा. "आज परवानगी नाही" म्हणाले तर तेही एक उत्तर आहे.

आत गेल्यावर पहिलं बघायचं ते जमीन. जिथे काम चालतं तिथे ऑइलचे डाग असतात. फरशी आरशासारखी असेल आणि पाने भिंतीवर रंगवलेल्या आकृत्यांत नवेकोरे टांगलेले असतील तर ते पाहुण्यांसाठी आहेत. मग विचारा, "यातली सुरू होणारी इंजिनं किती?" आणि एक सुरू करून दाखवायला सांगा. बीएस-६ गाडी किंवा निदान तिचं इंजिन आहे का? स्कॅनर आहे का, आणि तो कपाटातून काढून दाखवतात की चावी साहेबांकडे असते? बॅटरी चार्जरला वीज येते का, हे विचारायला लाजू नका.

मोटर व्हेइकल आणि डिझेल या ट्रेडला एका तुकडीत २४ जागा मंजूर असतात. चोवीस जणांत तीन इंजिनं म्हणजे आठजण एका इंजिनाभोवती, चालेल. एकच असेल तर मागच्या रांगेतला पोरगा फक्त पाठी बघतो. अभ्यासक्रमात एका वर्षाच्या ट्रेडला १,२०० तास असतात, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. कागदावर हे प्रमाण उत्तम आहे. त्या ८४० तासांत पोराच्या हातात पाना किती तास, एवढंच तुम्हाला शोधायचं आहे.

ते संस्थेत कळत नाही. ते कळतं बाहेरच्या वडापावच्या गाडीवर. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजा आणि विचारा: या महिन्यात काय खोललंत? ट्रेडला शिकवणारे सर कायम आहेत की तासिकेवर, आणि मधे किती महिने कुणीच नव्हतं? मागच्या बॅचमधले तिघेजण आता कुठे आहेत? "एक स्विगीला, एक घरी, एक माहीत नाही" असं उत्तर आलं तर दारावरच्या शंभर टक्क्यांचा हिशेब तुम्हीच करा.

उलटही घडतं. बाहेरून पडकी दिसणारी, गळक्या पत्र्याची शासकीय आयटीआय, आणि आत एखादे सर असे की निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना पोरांकडून जुन्या जीपचं इंजिन बांधून घेतात. मला असेच सर मिळाले. इमारत बघून परत फिरू नका.

शेवटी मान्यता. संस्थेचा एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी (व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय किंवा राज्य परिषद) संलग्नता क्रमांक मागा आणि तो सरकारी पोर्टलवर स्वतः तपासा. संस्था मान्य असून तोच ट्रेड मान्य नसतो, असंही होतं. म्हणून ट्रेडचं नाव आणि तुकड्या दोन्ही बघा. जी संस्था "आमचं सर्टिफिकेट आंतरराष्ट्रीय आहे" म्हणते तिला विचारा, "राष्ट्रीय आहे का?"

पाचवी पायरी: हिशेब मांडा, फी सोडून

बहुतेक घरांत फक्त फी मोजतात. ती सगळ्यात छोटी रक्कम असते. मोठी रक्कम म्हणजे त्या वर्षांत न मिळालेली कमाई.

एक नमुना मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा पोरगा थेट गॅरेजात गेला. पहिल्या वर्षी महिना ४,०००, दुसऱ्या वर्षी ७,०००, तिसऱ्या वर्षी १२,०००. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत मिळून १,३२,००० आणि तिसऱ्यात १,४४,०००.

आता शासकीय आयटीआयची दोन वर्षं. फी, बॉयलर सूट, बूट, वह्या, परीक्षा, पास, डबा मिळून वर्षाला १५,००० धरा. दोन वर्षांचे ३०,०००. न मिळालेली कमाई १,३२,०००. तिसऱ्या वर्षी ॲप्रेंटिस म्हणून महिना ७,००० धरले तर ८४,००० मिळतील, म्हणजे गॅरेजवाल्या पोरापेक्षा ६०,००० कमी. एकूण खरा खर्च २,२२,०००.

यानंतर शिकलेल्या पोराला न शिकलेल्यापेक्षा महिना ५,००० जास्त मिळाले तर ही रक्कम सुमारे ४४ महिन्यांत, म्हणजे पावणेचार वर्षांत भरून निघते. विशीच्या आत सुरू करणाऱ्याला हे परवडतं.

तोच हिशेब शहरातल्या महागड्या संस्थेचा. वर्षाला ९०,००० फी आणि खोली-जेवणाला महिना ७,००० धरा. दोन वर्षांचे १,८०,००० अधिक १,६८,०००. त्यात न मिळालेले १,३२,००० आणि ॲप्रेंटिसच्या वर्षातले ६०,०००. एकूण ५,४०,०००. तेच महिना ५,००० जास्त मिळाले तर १०८ महिने, नऊ वर्षं. कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळंच. या वाटेने जायचं तर पोराला महिना ५,००० नव्हे, १२,००० जास्त मिळतील असं काहीतरी ठोस त्या संस्थेने दाखवायला हवं: कुठल्या कंपनीच्या वर्कशॉपात, किती पोरं, कुठल्या पगारावर. "प्लेसमेंट असिस्टन्स" या शब्दांना बाजारात किंमत नाही.

आणि तिसरा आकडा, माझा लाडका. शासकीय आयटीआय करणारा पोरगा सुटल्यावर आणि रविवारी गॅरेजात जातो, महिना २,००० आणतो. दोन वर्षांत ४८,०००. खर्च १,७४,००० वर येतो आणि पैसे ३५ महिन्यांत फिटतात. त्याहून मोठं म्हणजे सकाळी फळ्यावर बघितलेलं त्याच आठवड्यात हाताखालून जातं. माझ्याकडे असे दोघे होते. ते तिसऱ्या वर्षी माझ्यापेक्षा वेगाने वायरिंग शोधायचे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

सहावी पायरी: खर्च खाली आणा

महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आणि फी परत मिळण्याच्या योजना असतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मार्चमध्येच काढून ठेवा, जुलैत सेतूसमोर रांग असते. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, त्यामुळे खोली करण्याआधी एसटीची वेळ बघा. पावसात पहिली गाडी चुकली की पहिला तास गेला, आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते.

खरा पैसा ॲप्रेंटिसशिपमध्ये आहे आणि लोक तीच सोडून देतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० ठरवलं. अर्ज करताना त्या वेळचा आकडा बघा. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना १,५०० पर्यंत वाटा सरकार उचलतं आणि थेट पोराच्या खात्यात घालतं. म्हणजे मोठ्या वर्कशॉपालाही पोरगा घ्यायला सोपं जातं. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवा, आणि नुसतं नोंदवून बसू नका. स्वतः जाऊन भेटा. आपल्याकडे एसटीचे विभाग पेण, रत्नागिरी आणि कणकवलीला आहेत. एसटीत काम दमवतं, पण वर्षभरात ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स इतक्या वेळा खोलता की हात झोपेतही चालतात.

सातवी पायरी: या कागदाने कुठली दारं उघडतात?

एसटीत तांत्रिक पदांच्या भरतीला आयटीआय लागतो. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या पात्रतेत डिझेल आणि मोटर व्हेइकल हे दोन्ही ट्रेड आहेत. पण तिथली नजरेची तपासणी कडक असते आणि चष्मा चालत नाही, तेव्हा डोळे आधी तपासून मग स्वप्न बघा. कंपन्यांच्या डीलर वर्कशॉपात आयटीआयवाल्याला थेट टेक्निशियन म्हणून घेतात, पुढे कंपनीच स्वतःच्या गाड्यांचं प्रशिक्षण देते. तो पगार सुरुवातीला फार नसतो, पण ते शिक्षण फुकट असतं. दोन-तीन वर्षं तिथे काढून मग गावात स्वतःचं गॅरेज, ही वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. आणि अठरा पूर्ण होताच लायसन्स काढा. गाडी चालवून बघता न येणारा टेक्निशियन कुणालाच नको असतो.

स्वतःच्या गॅरेजासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज करता येतो. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि विशेष गटांना, ज्यात महिलाही येतात, ३५ टक्के अनुदान. सेवा व्यवसायाला प्रकल्पाची मर्यादा २० लाख. बँकेचा साहेब पहिला प्रश्न "अनुभव आणि प्रमाणपत्र?" हाच विचारतो.

या सगळ्यात एकाच माणसाला मी कोर्स करू नको म्हणतो: चोवीस-पंचवीस वर्षांचा, पाच-सहा वर्षं हात चाललेला, घरी बायको-पोर असलेला मिस्त्री. त्याने दोन वर्षं घरी बसू नये. त्याच्यासाठी कौशल्य विकास योजनेत आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, ते घ्यावं. उरलेले पैसे एका बऱ्या स्कॅनरमध्ये आणि वायरिंगच्या थोड्या दिवसांच्या शिकवणीत घालावे. सरकारी आयटीआयची पुस्तकं चेन्नईची निमी ही संस्था काढते. ती मागवून रात्री वाचली तरी फळ्यावरचं निम्मं पदरात पडतं.

शेवटची पायरी: अर्ज

शासकीय आणि खासगी आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन, फेऱ्यांनी होतात. सायबर कॅफेवाल्याला "तूच भर" सांगून चहाला जाऊ नका. तो वरून खाली दिसतील ते ट्रेड भरतो, आणि गाड्यांचं वेड असलेला पोरगा ड्रेस मेकिंगच्या यादीत सापडतो. चौथ्या पायरीत बघून आलेल्या संस्था आणि ट्रेड एका कागदावर क्रमाने लिहून न्या. सहा-सात पुरेत, जिथे जायचंच नाही ते भरू नका.

क्रम लावताना एक ध्यानात ठेवा. पहिल्या क्रमांकाला टाकलेली जागा पहिल्याच फेरीत लागली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. गेल्या वर्षी एका बापाने पहिल्या ओळीत "असू दे" म्हणून घरापासून साठ किलोमीटरवरची आयटीआय टाकली होती. तीच लागली. पोरगा आता पहाटे साडेपाचच्या एसटीने जातो. रविवारी माझ्याकडे येतो तेव्हा आधी अर्धा तास मागच्या सीटवर झोपतो, मग पाना हातात घेतो.